फोन एक तासाने चुकतोय? घड्याळाला हात लावू नका

मार्च २०२३च्या अखेरीस लेबनॉनमध्ये काही दिवस एकाच शहरात दोन वेळा चालू होत्या. दरवर्षी त्या सुमारास तिथे घड्याळं एक तास पुढे करतात. त्या वर्षी सरकारने अगदी आयत्या वेळी जाहीर केलं, की यंदा हे जवळजवळ महिनाभर पुढे ढकलू. काही संस्थांनी ते मानलं, काहींनी साफ धुडकावलं. फोनही दोन तटांत विभागले गेले. शेजारी शेजारी ठेवलेले दोन फोन, दोन्हींत ‘ऑटोमॅटिक’ चालू, तरी दोघांत तासाचा फरक पडू शकत होता. काही दिवसांत सरकारने निर्णय मागे घेतला आणि मग कुठे गाडी रुळावर आली.

इतका गोंधळ रोज होत नाही. पण विमानातून उतरल्यावर, सीमेजवळच्या गावात, नाहीतर घड्याळं बदलण्याच्या त्या ठरावीक रविवारी फोन चुकीची वेळ दाखवतो, ही तक्रार जगभर सारखी आहे. अशा वेळी बहुतेक जण ‘ऑटोमॅटिक’ बंद करून वेळ हाताने पुढे-मागे करतात. आकडा बरोबर दिसायला लागतो, पण फोनमध्ये आता एकाऐवजी दोन चुका झालेल्या असतात. त्या कशा, हे कळलं की दुरुस्ती दोन मिनिटांची आहे.

फोनच्या पोटात एकच वेळ असते

फोन आतल्या आत तुमच्या गावाची वेळ मोजतच नाही. तो मोजतो यूटीसी, म्हणजे सगळ्या जगासाठी ठरवलेली एकच प्रमाणवेळ. तीही सेकंदांत: १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद झाले, एवढा एकच आकडा. त्या आकड्यात अमुक तास मिळवायचे किंवा वजा करायचे आणि उत्तर पडद्यावर दाखवायचं. हे ‘अमुक तास’ टाइम झोन ठरवतो. भारतासाठी साडेपाच तास मिळवायचे, नेपाळसाठी पावणेसहा, न्यूयॉर्कसाठी हिवाळ्यात पाच वजा करायचे आणि उन्हाळ्यात चार.

तापाचा आकडा सेल्सिअसऐवजी फॅरनहाइटमध्ये दिसला, तर आपण औषधाचा डोस बदलत नाही, मापनपट्टी बदलतो. इथेही तसंच. टाइम झोन चुकलेला असताना वेळ सरकवली, तर झोन चुकलेला तो चुकलेलाच राहतो आणि वर आतला सेकंदांचा आकडाही बिघडतो.

आधी फरक मोजा

चूक किती मिनिटांची आहे, यावरूनच अर्धं निदान होतं. आज जगातल्या सगळ्या अधिकृत वेळा यूटीसीपासून पाव तासाच्या पटीतच पुढे किंवा मागे आहेत. त्यामुळे फोन चार किंवा सात मिनिटांनी चुकत असेल, तर टाइम झोनचा त्यात काहीही दोष नाही. घड्याळच सरकलंय आणि वेळ आपोआप घेण्याचं बटण बहुधा बंद आहे. फरक बरोबर एक तासाचा असेल, तर शेजारचा झोन लागलाय किंवा उन्हाळी वेळेचा नियम चुकलाय. उन्हाळी वेळ म्हणजे उन्हाळ्यात घड्याळं पुढे करण्याची काही देशांतली पद्धत. अर्धा तास, पाऊण तास किंवा कित्येक तासांचा फरक असेल, तर झोन साफ वेगळाच निवडला गेलाय. फरक बरोबर बारा तासांचा असेल, तर कोणीतरी हाताने वेळ लावताना सकाळ-संध्याकाळची गल्लत केलीय. आणि तारीख थेट १९७० मधली दिसली, तर बॅटरी पूर्ण उतरल्यावर घड्याळाची गणती शून्यावर आलीय.

तरीही खात्री नसेल, तर एक छान चाचणी आहे. फोनच्या क्लॉक ॲपमध्ये जागतिक घड्याळाच्या यादीत रेक्याविक हे शहर जोडा. आइसलँडमध्ये बाराही महिने यूटीसीच चालते, उन्हाळी वेळ नाही. आता दुसऱ्या एखाद्या फोनवर किंवा संगणकावर यूटीसी किती वाजली ते पाहा. दोन्ही जुळले, तर तुमच्या फोनचं घड्याळ ठणठणीत आहे आणि फक्त टाइम झोन दुरुस्त करायचा आहे. जुळले नाहीत, तर आधी वेळ आपोआप घेण्याचं बटण चालू करा, मग झोनकडे वळा.

‘ऑटोमॅटिक’ म्हणजे नेमकं कोण ठरवतं?

ही दोन वेगळी कामं आहेत. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये त्यांची बटणंही वेगळी असतात. एक ‘सेट टाइम ऑटोमॅटिकली’, दुसरं ‘सेट टाइम झोन ऑटोमॅटिकली’.

पहिलं काम सोपं. इंटरनेटवरच्या वेळ सांगणाऱ्या सर्व्हरला फोन विचारतो आणि सेकंदाच्या आतल्या अचूकतेने उत्तर मिळतं. पण तो सर्व्हर फक्त यूटीसी सांगतो. तुम्ही कुठे बसला आहात हे त्याला माहीत नसतं आणि त्याचं ते कामही नाही. म्हणूनच ‘इंटरनेट चालू आहे, तरी वेळ कशी चुकते?’ या प्रश्नाचं उत्तर असं, की इंटरनेटवरून घड्याळ मिळतं, ठिकाण नाही.

दुसरं काम अंदाजाचं आहे. तो अंदाज बांधायला फोनकडे मुख्यतः दोन साधनं असतात: मोबाइलचा टॉवर आणि लोकेशन.

प्रत्येक मोबाइल नेटवर्क आपली ओळख आकड्यांत सांगत असतं आणि त्यातले पहिले तीन आकडे देशाचे असतात. भारतासाठी ४०४ आणि ४०५, मेक्सिकोसाठी ३३४, अमेरिकेसाठी ३१० पासून पुढचे काही. ज्या देशात एकच वेळ चालते, तिथे एवढ्यावरच काम भागतं. त्याशिवाय अनेक नेटवर्क एक छोटा वेळ-संदेश धाडतात. त्यात वेळ, यूटीसीपासूनचा फरक आणि उन्हाळी वेळ लागू आहे की नाही एवढंच असतं. शहराचं किंवा झोनचं नाव नसतं. शिवाय हा संदेश धाडण्याची सक्ती नाही. काही नेटवर्क तो धाडतच नाहीत, काही ठिकाणी त्यातला फरक चुकीचा भरलेला असतो.

नाव नसल्यामुळे काय होतं, ते अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्याच्या उदाहरणावरून नीट कळतं. हिवाळ्यात ॲरिझोनातलं फिनिक्स आणि कोलोरॅडो राज्यातलं डेन्व्हर या दोन्ही शहरांची वेळ यूटीसीच्या सात तास मागे असते आणि दोन्हीकडे उन्हाळी वेळ ‘नाही’. म्हणजे टॉवरचा संदेश दोन्हीकडे हुबेहूब सारखा. फिनिक्समध्ये जानेवारीत सुरू केलेल्या फोनने या संदेशावरून ‘डेन्व्हर’ असा अंदाज बांधला, तरी पडद्यावरची वेळ अगदी बरोबर दिसेल. चूक उघडी पडेल मार्चमध्ये. डेन्व्हरची घड्याळं तेव्हा तासाने पुढे जातात, फिनिक्सची जात नाहीत. ‘काल रात्रीपर्यंत नीट होतं, आज अचानक बिघडलं’ अशा अनेक तक्रारींमागे हेच असतं. फोन काल रात्रीही चुकीच्याच झोनमध्ये होता, फक्त आकडा जुळत होता.

म्हणून सेटिंग्जमध्ये नुसता आकडा पाहून थांबू नका, झोनचं नावही वाचा.

सीमेवरचे टॉवर

फोन देशाची किंवा राज्याची सीमा ओळखत नाही, त्याला जोरकस सिग्नल कळतो. ॲरिझोनातलं पेज हे गाव युटा राज्याच्या सीमेला लागून आहे. युटामध्ये उन्हाळी वेळ पाळतात, ॲरिझोनात नाही. पण ॲरिझोनातच असलेल्या नव्हाहो नेशनच्या, म्हणजे नव्हाहो या मूळ रहिवासी जमातीच्या स्वायत्त भूमीवर पाळतात, आणि पेज तिलाही खेटून आहे. उन्हाळ्यात तिथे फिरताना फोन दिवसातून कितीदा तरी तासाने मागे-पुढे होऊ शकतो. अशा ठिकाणी ‘ऑटोमॅटिक’वर भरवसा ठेवून पहाटेचा अलार्म लावणं म्हणजे जुगार. मुक्काम संपेपर्यंत झोन हाताने निवडून ठेवावा, हेच शहाणपणाचं.

आता दुरुस्ती

अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, मग सिस्टिम, मग ‘डेट अँड टाइम’. सॅमसंगमध्ये हेच ‘जनरल मॅनेजमेंट’खाली सापडतं, शाओमीमध्ये ‘ॲडिशनल सेटिंग्ज’खाली. सापडलं नाही, तर सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत ‘टाइम झोन’ टाका.

वेळेचं बटण चालूच ठेवा. झोनचं बटण बंद करा, अर्धा मिनिट एअरप्लेन मोड लावून काढा, फोनने नेटवर्क पकडलं की झोनचं बटण पुन्हा चालू करा. जुन्या टॉवरचा संदेश धरून बसलेला फोन एवढ्याने बहुतेकदा ताळ्यावर येतो. नाहीच आला, तर फोन एकदा बंद करून सुरू करा.

त्यानेही फरक पडला नाही, तर लोकेशनची मदत घ्या. अँड्रॉइड १२ पासून बऱ्याच फोनमध्ये याच पानावर ‘यूज लोकेशन टू सेट टाइम झोन’ असं बटण आहे. ते चालू केलं, की फोन टॉवरच्या संदेशाऐवजी नकाशावरच्या ठिकाणावरून झोन ठरवतो. त्यासाठी लोकेशन चालू हवं. अनेक देश, अनेक झोन आणि सीमाभाग यांत हेच साधन जास्त विश्वासाचं आहे. बॅटरीच्या काळजीने लोक ते बंद ठेवतात, पण झोन ठरवायला अधूनमधून ढोबळ ठिकाण कळलं तरी पुरतं.

आयफोनमध्ये सेटिंग्ज, जनरल, ‘डेट अँड टाइम’ इथे ‘सेट ऑटोमॅटिकली’ हे एकच बटण वेळ आणि झोन दोन्ही सांभाळतं. ते चालू असूनही झोन चुकत असेल, तर अडचण बहुधा दुसरीकडे असते: सेटिंग्ज, ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, ‘लोकेशन सर्व्हिसेस’, आणि तिथे अगदी तळाशी ‘सिस्टिम सर्व्हिसेस’. त्या यादीत ‘सेटिंग टाइम झोन’ असं बटण आहे. बॅटरी वाचवण्याचे सल्ले वाचून लोक ही अख्खी यादी बंद करून टाकतात आणि मग प्रवासात घड्याळ हलत नाही म्हणून बुचकळ्यात पडतात.

हाताने झोन निवडायची वेळ आली, तर अँड्रॉइडमध्ये आधी देश, मग त्यातला झोन निवडावा लागतो. आयफोनमध्ये शहराचं नाव टाइप करायचं. तुमचं शहर यादीत नसेल तर बिचकू नका, त्याच वेळेवर चालणारं त्याच देशातलं दुसरं शहर घ्या. फक्त ते उन्हाळी वेळेच्या बाबतीतही तुमच्या शहरासारखंच वागतं ना, एवढं पाहा. फिनिक्स-डेन्व्हरचा घोटाळा माणूसही करू शकतो.

नेटवर्क सेटिंग्ज रिसेट करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने वाय-फायचे साठवलेले सगळे पासवर्ड जातात, आणि टाइम झोनसाठी त्याची गरज क्वचितच पडते.

लोकेशन चालू आहे, तरी दुसऱ्याच गावाची वेळ?

इमारतीत उपग्रहाचा सिग्नल नीट पोचत नाही. तेव्हा फोन आसपासचे वाय-फाय राउटर पाहतो आणि ‘हा राउटर पूर्वी कुठे दिसला होता’ या नोंदीवरून ठिकाण ठरवतो. घर बदलताना कोणी राउटर सोबत नेला, की नोंद काही काळ जुन्याच पत्त्याची राहते. दोन गावं वेगळ्या झोनमध्ये असली, तर नव्या घरातला फोन जुन्या गावाची वेळ दाखवू शकतो, आणि घराबाहेर पडताच बरोबर होतो. लक्षण ओळखायचं ते हेच. नकाशाचं ॲप उघडून स्वतःचा ठिपका पाहा. तो भलतीकडे असेल, तर वाय-फाय थोडा वेळ बंद करून खिडकीशी किंवा उघड्यावर जा, ठिपका जागेवर आला की झोनही मागोमाग येतो. आजूबाजूचे फोन त्या राउटरला नव्या ठिकाणी पाहत गेले, की नोंदही सुधारते.

व्हीपीएन, दोन सिम आणि विमान

व्हीपीएन म्हणजे तुमचं इंटरनेट दुसऱ्या ठिकाणच्या सर्व्हरमार्फत फिरवणारी सोय. तिच्यामुळे फोनचं घड्याळ सहसा बदलत नाही. बदलतं ते काही वेबसाइटवरचं, कारण त्या तुमच्या इंटरनेट पत्त्यावरून देश ओळखतात. फोनच्या वरच्या पट्टीत वेळ बरोबर आणि एखाद्या साइटवर चुकीची, असं असेल तर फोनच्या सेटिंग्जला हात लावू नका.

परदेशात रोमिंगवरचं सिम असलं, तरी देश मोजला जातो तो फोन ज्या नेटवर्कला जोडला गेलाय त्याचा, सिम कुठे घेतलं त्याचा नाही. म्हणून ‘सिम जुन्या देशाचं आहे म्हणून वेळ जुनी दाखवतोय’ ही समजूत चुकीची. दुसरं सिम बंद करून पाहायला मात्र हरकत नाही. सीमेजवळ दोन सिम दोन देशांच्या टॉवरवर असू शकतात.

समुद्रावरची जहाजं आणि काही विमानं यांचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क असतं आणि त्याचा तीन आकडी कोड असतो ९०१. तो कुठल्याच देशाचा नाही, त्यामुळे नुसत्या कोडवरून फोनला झोन ठरवता येत नाही. शिवाय जहाज आपली ‘जहाजवेळ’ कप्तान सांगेल तशी ठेवतं, ती किनाऱ्यावरच्या वेळेशी जुळेलच असं नाही. तिथे झोन हाताने लावणं हाच मार्ग.

सरकारने नियम बदलला तर फोनला कसं कळतं?

उन्हाळी वेळ कधी सुरू होते, कधी संपते, हे फोन टॉवरला विचारत बसत नाही. त्याच्याकडे नियमांची एक यादी असते, टाइम झोन डेटाबेस. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी १९८०च्या दशकात ती सुरू केली आणि २०११ पासून ती इंटरनेटवरची नावं आणि आकडे सांभाळणाऱ्या आयाना या संस्थेच्या छत्राखाली आहे. ‘एशिया/कोलकाता’, ‘अमेरिका/फिनिक्स’ अशी झोनची नावं तिथूनच येतात. कोणत्या देशाने कधी घड्याळं बदलली, याचा इतिहासही तिच्यात आहे. सामोआने आंतरराष्ट्रीय वाररेषेची बाजू बदलली, तेव्हा ३० डिसेंबर २०११ हा दिवस तिथे उगवलाच नाही. त्याचीही नोंद या यादीत सापडते.

सरकारने नियम बदलला, की यादी सुधारते. मग ती ऑपरेटिंग सिस्टिममध्ये जाते, मग अपडेट बनून तुमच्या फोनपर्यंत येते. या साखळीला वेळ लागतो, आणि सरकारं घाईत असतात. तुर्कस्तानने सप्टेंबर २०१६ मध्ये ठरवलं, की आता घड्याळं मागे करायचीच नाहीत. ऑक्टोबरच्या अखेरीस जुनी यादी असलेले फोन मुकाट्याने तासभर मागे गेले. मेक्सिकोने ऑक्टोबर २०२२ मध्ये बहुतेक देशातून उन्हाळी वेळ काढून टाकली आणि एप्रिल २०२३ मध्ये तिथले कितीतरी फोन जुन्या सवयीने तासभर पुढे पळाले. दोन्ही वेळी फोनला ठिकाण अचूक माहीत होतं. त्याचा नियम शिळा होता.

याचं लक्षण: झोनचं नाव बरोबर, तरी आकडा एका तासाने चूक. अशा वेळी सिस्टिम अपडेट करा. अँड्रॉइड १० पासून ही यादी ‘गूगल प्ले सिस्टिम अपडेट’मधूनही येऊ शकते. हे अपडेट सेटिंग्जमध्ये वेगळं शोधावं लागतं आणि नंतर फोन रीस्टार्ट करावा लागतो. फोन इतका जुना असेल की अपडेट येतच नाहीत, तर सध्या तुमच्याइतकाच फरक असलेला आणि उन्हाळी वेळ न पाळणारा दुसरा झोन निवडा. मेक्सिको सिटीसाठी कोस्टा रिका चालेल, इस्तंबूलसाठी रियाध. हा जुगाड आहे आणि त्याची किंमत आहे: कॅलेंडरमधल्या जुन्या नोंदी एका तासाने सरकलेल्या दिसू शकतात. वेळ हाताने सरकवण्यापेक्षा मात्र तो शतपटीने बरा.

पण वेळच सरकवली तर बिघडतं काय?

झोन चुकला, तर नुकसान मुख्यतः दिसण्यापुरतं आणि अलार्मपुरतं राहतं. आतला आकडा चुकला, तर फोन इतरांशी बोलताना अडखळतो. दर ३० सेकंदांनी बदलणारे सहा आकडी कोड देणारी ॲप यूटीसीवर चालतात. घड्याळ तासाने सरकवलं, की प्रत्येक कोड ‘चुकीचा’ ठरतो आणि लॉगिन होत नाही. गंमत म्हणजे, झोन कितीही चुकलेला असला तरी हेच कोड बिनचूक चालतात. वेबसाइटच्या सुरक्षा प्रमाणपत्रांना ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ अशी मुदत असते. तासाभराच्या फरकाने सहसा अडत नाही, पण तारीख किंवा वर्ष चुकलं तर ब्राउझर साइट उघडायलाच नकार देतो. मेसेजिंग ॲपही तारीख चुकीची असल्याची तक्रार करून बंद होतात. गेममधल्या लाइफ लवकर भराव्यात म्हणून घड्याळ पुढे ढकलणाऱ्यांना हे सगळं ओळखीचं असेल.

फोटोंचं वेगळंच. फोटोच्या आत मुख्य नोंद स्थानिक वेळेची असते. यूटीसीपासूनचा फरक नोंदवण्याची जागा २०१६ मध्ये आली आणि प्रत्येक कॅमेरा ती भरतोच असं नाही. प्रवासात झोन चुकलेला असताना काढलेले फोटो नंतर अल्बममध्ये मागेपुढे होतात, आणि झोन दुरुस्त केल्याने जुने फोटो सुधारत नाहीत.

घड्याळ बरोबर झालं, पण कॅलेंडर अजून चुकतंय

कॅलेंडरची स्वतःची सेटिंग असते. गूगल कॅलेंडरमध्ये सेटिंग्ज, जनरल इथे ‘यूज डिव्हाइस टाइम झोन’ बंद असेल, तर फोनचा झोन बदलूनही भेटी जुन्याच वेळेला दिसतात. आयफोनच्या कॅलेंडर सेटिंग्जमध्ये ‘टाइम झोन ओव्हरराइड’ आहे, ते चालू राहिलं तरी तसंच होतं. चुकीचा झोन असताना हाताने भरलेल्या भेटी मात्र एकेक उघडून पाहाव्या लागतात. ‘सकाळी दहा’ लिहिताना फोनने त्या झोनचे दहा धरले होते, आणि झोन सुधारला की ती भेट बरोबर तितक्याच तासांनी सरकते.

बटणच दाबलं जात नाही

आयफोनमध्ये ‘सेट ऑटोमॅटिकली’ फिकट दिसत असेल, तर बहुधा ‘स्क्रीन टाइम’चा पासकोड लावलेला असतो. मुलं घड्याळ मागे करून वापराची मर्यादा चुकवतात, म्हणून ही वाट अडवलेली आहे. पासकोड तात्पुरता काढा, झोन लावा, पासकोड परत घाला. कंपनीने दिलेल्या फोनमध्ये, मग तो आयफोन असो की अँड्रॉइड, हे बटण कंपनीच्या नियंत्रण-प्रणालीने कुलूपबंद केलेलं असू शकतं. ते तुम्हाला फोनवरून उघडता येणार नाही. कंपनीच्या आयटी विभागाला कळवताना झोनचं नाव, पडद्यावरची वेळ आणि रेक्याविकची वेळ, तिन्ही एकाच स्क्रीनशॉटमध्ये येत नसतील तर दोन पाठवा.